१२० चमचे

माझ्या ऑफिसच्या बॅगेत तीन गोष्टी कायम असतात. लॅपटॉपचा चार्जर, सॅनिटायझरची बाटली आणि पोटाच्या गोळ्यांची एक स्ट्रिप. चार्जर विसरलो तर शेजारच्या क्युबिकलमधून मिळतो. उरलेल्या दोन गोष्टींच्या बाबतीत मात्र मी कुणावर विसंबत नाही. कॅन्टीनच्या टेबलावर बसण्याआधी मी टेबल पुसतो, चमचा पुसतो आणि मूड असेल तर समोरच्याचा चमचाही पुसतो. टीममध्ये मला ‘हायजीन ऑफिसर’ म्हणतात. म्हणोत बापडे!

तर हा हायजीन ऑफिसर मे महिन्यातल्या एका लाँग वीकएंडला मोलगीला जाऊन आला.

मोलगी कुठे आहे? आमच्या फ्लोअरवर नऊ जणांना विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याचा डोंगर. पुण्याहून रात्रभर हाडं खिळखिळी करून घेत नंदुरबार गाठायचं, तिथून अक्कलकुवा, मग देवगोई घाटाची वळणं. एवढं झालं की मोलगी येतं. तिकडे माझी शाळेतली मैत्रीण डॉक्टर आहे. दहावीत तिच्या वहीतल्या आकृत्या छापूनच मी सायन्समध्ये पास झालोय. ‘ये रे एकदा’ असं ती दोन वर्षं म्हणत होती. शेवटी गेलो.

दुपारी पोचलो आणि पहिला धडा अंगणातच मिळाला. मे महिन्यात तिथल्या पाड्यांवर कैऱ्यांच्या पांढुरक्या फोडी उन्हात वाळत पडलेल्या असतात. हाच आमचूर. तुमच्या-माझ्या छोल्यांत पडतो ना, तोच. मी फोटो काढता काढता सवयीनं बोलून गेलो, “असं उघड्यावर वाळवतात? किती जंतू बसत असतील गं!”

“बसत असतील की,” ती म्हणाली. “पण बसून करतील काय? जंतूला वाढायला पाणी लागतं. ते उन्हानं काढून घेतलं. वरून कैरीची आंबटी. म्हणून ही फोड वर्षभर टिकते आणि तुझ्या फ्रिजमधली ग्रेव्ही चौथ्या दिवशी वास मारते. ही सगळी मायक्रोबायॉलॉजीच आहे बाबा. फक्त इथे कुणी त्याची पाटी लावत नाही.”

मग मॅडम सुटल्याच. दुधाचं दही करणारे कोण? जंतू. इडलीचं पीठ रात्रीत फुगवणारे कोण? जंतू. मोहाच्या फुलांची दारू होते, ती कुणामुळे? यीस्ट नावाच्या एका सूक्ष्म बुरशीमुळे. आणि आपण स्वतः? २०१६ साली इस्रायल आणि कॅनडाच्या संशोधकांनी हिशेब मांडला होता. एका सरासरी माणसाच्या शरीरात त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी आणि जिवाणू साधारण ३८ लाख कोटी. बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेला चोथा ते खातात, ‘के’सारखी व्हिटॅमिन्स बनवतात आणि जागा अडवून बसतात, म्हणजे बाहेरून आलेल्या गुंडाला सहज पाय ठेवता येत नाही.

“मोजणी केली तर तू निम्म्याहून जास्त जंतूच आहेस, हायजीन ऑफिसर,” ती म्हणाली. मी सॅनिटायझरची बाटली हळूच खिशात सरकवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पोटात ढवळलं. सात वाजेपर्यंत तीन फेऱ्या. डिटेल्स देत नाही, तुम्ही ब्रेकफास्ट करत असाल. मी कण्हत म्हणालो, “तुमचं इथलं पाणी बाधलं वाटतं.”

“इथलं पाणी तू प्यायलास कधी? काल दिवसभर बाटलीतलंच पीत होतास. पुण्याहून निघताना काय खाल्लं होतंस?”

“पाणीपुरी. एकच प्लेट.” तिनं नुसतं पाहिलं. “बरं, दोन.”

“म्हणजे तीस-बत्तीस तास झाले. हिशेब अगदी जुळतो. उगाच सातपुड्याला बदनाम करू नकोस. हे पार्सल तू पुण्याहून आणलेलं दिसतंय.”

मी बॅगेतली स्ट्रिप काढली. मेडिकलवाल्याकडून मी नेहमी आणतो त्या अँटिबायोटिक गोळ्या. दोन घेतल्या की दुसऱ्या दिवशी मीटिंगला हजर! तिनं स्ट्रिप काढून घेतली. म्हणे, असे साधे पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, जोरात ताप नाही, तर ते बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपले आपण थांबतात. तू गोळी घेतोस आणि क्रेडिट गोळीला देतोस. बरेचदा कारण व्हायरस असतो आणि व्हायरसवर अँटिबायोटिक शून्य काम करतं. उलट आतड्यातले चांगले भाडेकरू मात्र मरतात. जे वाचतात, त्यांच्यातले काही त्या औषधाला सरावतात. उद्या खरंच गरज पडेल तेव्हा तीच गोळी फुसकी निघते.

“मग मी काय घेऊ?”

तिनं एक लिटर पाण्याचं पातेलं पुढे ठेवलं आणि त्यात ओआरएसची पुडी रिकामी केली. मला ही ट्रीटमेंट फारच डाउनमार्केट वाटली. एवढी शिकलेली डॉक्टर आणि देते काय, तर मीठ-साखरेचं पाणी!

पण त्या पातेल्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. माणसानं जंतू पहिल्यांदा पाहिले ते सतराव्या शतकात. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावात लेव्हेन्हुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. भिंगं घासायचा त्याला नाद होता. १६८१ साली त्याचं पोट बिघडलं आणि या पठ्ठ्यानं स्वतःचेच जुलाब भिंगाखाली धरले. आत चिमुकले जीव वळवळत होते. त्यानं केलेल्या वर्णनावरून तो जिआर्डिया असावा असं आज मानतात. आपण सिक लीव्ह टाकतो, त्यानं शोध लावला.

पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याच्या जंतूचा माग पक्का केला. पण जंतू सापडला तरी तो माणसाला मारतो कसा, हे कळायला १९५९ साल उजाडलं. कोलकात्याच्याच शंभुनाथ डे यांनी दाखवलं की हा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषानं आतड्याचे नळ उघडे पडतात. शरीरातलं पाणी आणि मीठ धो धो बाहेर. माणूस दगावतो तो हे पाणी गेल्यामुळे.

आता गंमत बघा. आतड्याच्या अस्तराला एक वेगळंच दार आहे. मीठ आणि साखर दोघं हातात हात घालून आले, तरच ते उघडतं. दोघं आत शिरले की त्यांच्या मागोमाग पाणीही आत. आणि कॉलऱ्याचं विष बाकीचे नळ बिघडवतं, पण हे दार शाबूत राहतं! नुसतं पाणी पिऊन जे जमत नाही, ते मीठ-साखरेच्या अचूक मापानं जमतं.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित भारतात आले. बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधून घेतल्या, ते पाणी पिंपांत कालवलं आणि आजाऱ्यांच्या आया-बहिणींच्या हातात कप दिले. तुम्हीच पाजा! मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. १९७८ साली ‘लॅन्सेट’नं लिहिलं की हा बहुधा शतकातला सगळ्यांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल. महालनबीस २०२२ साली गेले आणि पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. मी डाउनमार्केट पाणी गुपचूप प्यायलो. अकरापर्यंत उठून बसलो होतो.

तेवढ्यात एक बाई लेकीला घेऊन आली. सोबत मुलीची आजी. पाड्यावरून पहाटेच निघालेल्या, अर्धी वाट पायी आणि पुढे जीप. मुलगी दीड वर्षाची. आदल्या दिवसापासून जुलाब. मी व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, तिथून खिडकीतून दिसत होतं. मुलगी किरकिर करून रडत होती, पण डोळे खोल गेलेले आणि कोरडे ठणठणीत. मैत्रिणीनं तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला हवी. हळूहळू मागे गेली. वजन आठ किलो. त्या वयाला दहाच्या आसपास हवं.

मी उत्साहात उठलो, “काही मदत करू?”

“आत पाऊल टाकायचं नाही! तुझं स्वतःचं पोट वाहतंय. तिथेच बस आणि घड्याळ बघ.”

हिशेब असा होता. किलोमागे ७५ मिलीलिटर, म्हणजे आठ किलोच्या मुलीला ६०० मिलीलिटर, चार तासांत. एका चमच्यात पाच मिलीलिटर मावतं. म्हणजे १२० चमचे, दर दोन मिनिटांनी एक. घाई केली तर उलटी होते. कंटाळा केला तर पाणी कमी पडतं. मी फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावला. तो वाजला की खिडकीतून ओरडायचो, “आजी, चमचा!” आजीला माझं मराठी किती कळत होतं कोण जाणे, पण चमचा बरोबर वेळेवर जायचा. मध्ये मध्ये आई पदराखाली घेत होती. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

एकतिसाव्या चमच्याला मुलीनं सगळं ओकलं. माझ्या पोटात गोळा आला. मैत्रीण शांत. “दहा मिनिटं थांबायचं, मग परत सुरू करायचं. आणखी हळू.” ती खिडकीशी आली तेव्हा मी विचारलं, “माझ्यात आणि तिच्यात एकच जंतू असेल?”

“तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण धरून चाल, एकच आहे. तुझं वजन किती?”

“चौऱ्याहत्तर.”

“अर्धा लिटर पाणी गेलं तर तुझ्या वजनाचा एक टक्कासुद्धा होत नाही. तेवढंच हिचं गेलं तर सहा टक्के. दहाच्या घरात गेलं की जीव धोक्यात. तुझ्या घराच्या नळाला पाणी येतं, ते क्लोरीन घातलेलं. इथे उन्हाळ्यात झरा आटतो, मग माणसं नदीच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. एवढ्या कष्टाच्या पाण्यात हात कितीदा धुणार? तुला जुलाब झाले तर वर्क फ्रॉम होम. हिला झाले तर आधी दवाखाना गाठायचा.”

मी गप्प. ती बोलत होती. जुलाबानं आतड्याचं अस्तर झिजतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. वजन उतरतं. वजन उतरलं की प्रतिकारशक्ती उतरते आणि पुढचे जुलाब लवकर गाठतात. असे चार-पाच फेरे झाले की मूल कुपोषित. कुपोषण म्हणजे नुसतं ताटात कमी पडणं नाही. जे ताटात आहे तेही पोटात टिकत नाही, हा त्यातला अर्धा भाग. ढाक्याच्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलंय की कुपोषित मुलांच्या पोटातली जंतूंची वस्तीच वयाच्या मानानं मागे राहिलेली असते, जणू लहान बाळाची. मग संशोधकांनी हरभरा, शेंगदाणे, सोयाबीन आणि हिरवं केळं यांचं खाणं बनवलं, खास त्या चांगल्या जंतूंना आवडेल असं. २०२१ साली निकाल आला. नेहमीच्या पोषक आहारापेक्षा त्यात कॅलरी कमी होत्या, तरी मुलं जास्त चांगली वाढली. म्हणजे जेवायला आईनं एका मुलाला बसवायचं नसतं, त्याच्या पोटातल्या सगळ्या वस्तीला बसवायचं असतं.

टायमर वाजला. “आजी, चमचा!”

मोलगीत निदान जीप येते. काही पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून, दोघांच्या खांद्यावरून डोंगर उतरवावा लागलाय. नर्मदेकाठी सरदार सरोवराचं पाणी पसरलं, तिथल्या गावांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना चालवावा लागला. २०२० साली कोरोनाच्या भीतीनं तिथली माणसं अंगणवाडीत येईनात, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे एका मच्छीमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्ही मारत निघाल्या. जवळजवळ १८ किलोमीटर पाण्यातून, बाळांची वजनं करायला आणि पोषण आहार पोचवायला. आपण ‘लास्ट माइल डिलिव्हरी’वर पीपीटी बनवतो. ती दिसते कशी, ते या बाईंना विचारावं.

लस पण आहे बरं का. लहान मुलांच्या जीवघेण्या जुलाबांमागे रोटाव्हायरसचा मोठा वाटा. त्यावरच्या भारतीय लशीचा व्हायरस १९८०च्या दशकात दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांत सापडला होता. त्या बाळांना त्यानं काही त्रास दिला नव्हता. लशीच्या चाचणीत सुमारे ६,८०० बाळं होती. त्यातली काही आपल्या पुण्याजवळच्या वढू बुद्रुकची! २०१९ पासून महाराष्ट्रात सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस मोफत मिळते. तरीही, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगात दर वर्षी पाच वर्षांखालची सुमारे ४ लाख ४४ हजार मुलं जुलाबानं जातात. हो, आजही. मीठ, साखर, पाणी आणि चमचा ठाऊक असताना.

नव्वदाव्या चमच्यानंतर मुलीनं आजीच्या हातातली वाटीच ओढली. मैत्रीण म्हणाली, चांगली खूण आहे. शंभराच्या पुढे माझा आवाज बसला. एकशे अकरा की बारा असेल, आजीनं वाटी जरा बाजूला ठेवली आणि मुलीनं असलं भोकाड पसरलं की मी दचकलो. मैत्रिणीनं वाकून तिच्या गालाला बोट लावलं आणि खिडकीकडे वळून ते मला दाखवलं. ओलं होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं!

कुणाच्या रडण्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. उरलेले चमचे आजीनं माझ्या ओरडण्याची वाट न बघताच पाजले. संध्याकाळी त्या मायलेकी आणि आजी तिथेच थांबल्या, रात्री लक्ष ठेवायला. सोबत झिंकच्या गोळ्या, चौदा दिवसांच्या. जुलाब लवकर थांबतात आणि पुढचे काही महिने परत होण्याची शक्यता कमी होते म्हणून. जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा.

पुण्यात परतल्यावर पहिल्यांदा मेडिकलमधल्या शेल्फाकडे नीट पाहिलं. रंगीत टेट्रापॅक, संत्रं, सफरचंद. कित्येक वर्षं यातल्या बऱ्याच गोड ड्रिंक्सच्या नावात ‘ओआरएस’ मिरवत होतं. साखर इतकी की जुलाब वाढावेत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं लावून धरलं, तेव्हा ऑक्टोबर २०२५मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं हे नाव वापरायला मनाई केली. त्यामुळे पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला आहे का, ते वाचून घ्या. खरी पुडी २०.५ ग्रॅमची, एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायची. अर्धी नाही, ग्लासात नाही. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. जुलाबात रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी नाही, पाणीही पोटात ठरत नाही, किंवा दोन-तीन दिवस उलटले, तर गूगल बंद आणि सरळ डॉक्टर. लहान मुलाच्या बाबतीत तर इतकी वाट बघूच नका.

आणि हो, साबण! साबणानं हात धुतल्यानं जुलाबाचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांनी घटतं, असं अभ्यास सांगतात. नोरोव्हायरससारख्या चिवट मंडळींपुढे आणि मळक्या हातांवर माझी लाडकी बाटली बऱ्यापैकी निरुपयोगी आहे. सांगायला दुःख होतंय.

बॅगेत अजूनही तीनच गोष्टी असतात. चार्जर, साबणाची छोटी वडी आणि ओआरएसच्या दोन पुड्या. कॅन्टीनमध्ये मी टेबल पुसत नाही म्हणून टीम काळजीत आहे. परवा स्टँडअप मीटिंग चालू असताना माझ्या फोनचा टायमर चुकून वाजला. स्क्रीनवर नाव आलं ‘चमचा’. बॉसनं विचारलं, हे काय? म्हटलं, लंचला सांगतो.